टाचलेली पानं

एकशे बारावं पान संपलं, एकशे तेरावं सुरू झालं आणि मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पान मागे उलटलं, पुढे उलटलं, दोन पानं एकमेकांना चिकटलीत का म्हणून कड नखानं खरवडून बघितली. चिकटायला काही नव्हतंच.

"थांबलास का रे? वादळ आलं ना आता?" वरून बायकोनं विचारलं.

"आलं आणि गेलंसुद्धा."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे ऐक, छापलंय तसं वाचतो. 'मग सारथिणीनं वादळ ओलांडलं, आणि पलीकडे सकाळ झाली होती.' संपलं वादळ. पुढे दीड पान घोड्यांच्या नालांवर आहे."

"चल, काहीतरीच! पान गाळलंस तू. दुकानात जायची घाई झालीय तुला."

आता ह्यावर काय बोलायचं? माणसानं भर दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी यावं, फरशीवर मांडी घालून, घसा कोरडा करून एकशे बारा पानं इमानेइतबारे वाचावीत, आणि वर चोर ठरावं! मास्तरनं पाण्याचा घोट घेतला आणि त्या लेखकाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

बायको वर आणि मास्तर खाली, ह्यालाही कारण होतं. चार दिवसांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो जागेवर बसवून आत वायूचा एक फुगा सोडला होता, आणि त्या फुग्यानं पडदा दाबून धरावा म्हणून तिनं पंधरा दिवस तोंड खाली ठेवायचं होतं. जेवताना खाली, बोलताना खाली, झोपेतही खाली. वाचायला बंदी, कारण एक डोळा ओळींवरून पळायला लागला की दुसराही त्याच्यामागे पळतो. म्हणून ती खाटेवर पालथी, चेहरा कडेच्या बाहेर एका गोल उशीत, आणि चेहऱ्याच्या खाली फरशीवर मास्तर.

ती गोल उशी मास्तरनंच शिवली होती. तीनदा उसवली. पहिल्यांदा कान दुखला, दुसऱ्यांदा गाल घासला, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "राहू दे आता, उशीच्या नादात मला भलतं तोंड बसवशील." मास्तरला ते लागलं होतं, कारण बसवणं हाच त्याचा धंदा. तो आल्टरेशनचा टेलर. नवा कपडा कधी शिवत नसे. कंबर सैल करायची, बाही आखूड करायची, जाड झालेल्याला बारीकपणीच्या कोटात कोंबायचं. दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यावर आपलं पोट चालतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याची शिस्त एकच, आधी टाच आणि मग काप. टाचणीसुद्धा अशी लावायची की टोक आतल्या बाजूला राहिलं पाहिजे. एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला टोचली नव्हती.

आणखी एक सवय होती. एखादा कपडा इस्त्रीखाली जळला किंवा कात्री चुकली, तर तो गिऱ्हाइकाला आधी चहा विचारायचा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मास्तरनं चहा विचारला की समजायचं, कोट गेला.

बायको शहर बसची ड्रायव्हर होती. बावीस वर्षं, आणि गाडीला एक ओरखडा नाही. ती ड्रायव्हर झाली तीच एका सिनेमामुळे. 'वादळाची सारथीण.' एकोणीस वर्षांची असताना तिनं तो पाठोपाठ चार दिवस बघितला आणि पाचव्या दिवशी जाऊन शिकाऊ लायसन्सचा अर्ज आणला. लग्नानंतर मास्तरलाही त्या सिनेमाची दीक्षा मिळाली. वाऱ्याचे सहा घोडे, त्यांचा रथ हाकणारी सारथीण, मिठाच्या वाळवंटापलीकडे अंधारात बुडालेलं शहर, आणि तिथं सकाळ पोचवायचं काम. मागच्या बाकावर तो एका कानाचा खानावळवाला, जो प्रत्येक वळणाला "मेलो, मेलो, मेलो" म्हणून ओरडतो. वादळातली ती वीस मिनिटं लागली की दोघं गॅस बंद करून येऊन बसायचे. संवाद पाठ. कुणी घरात घाबरलं की दुसऱ्यानं म्हणायचं, "लगाम सोडू नकोस, घोड्यांना रस्ता माहीत आहे."

म्हणून धाकट्या मेहुणीनं दवाखान्यात मूळ पुस्तक आणून दिलं, तेव्हा दोघंही खूश झाले. पाचशे चाळीस पानं! पंधरा दिवसांची सोय झाली, असं मास्तरला वाटलं. कसलं काय. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथं दगडही नव्हता, नुसता चुरमुऱ्यासारखा वेळ खाणारा मजकूर. सहा घोड्यांच्या सात पिढ्यांची वंशावळ. मिठाचे अकरा प्रकार, प्रत्येकाची चव, रंग, आणि ते कुठल्या राजाच्या कुठल्या मावशीला आवडत असे. आणि खानावळवाला? नावालाही नाही! त्या भल्या माणसाचा दोन्ही कानांसकट पत्ता नव्हता.

संध्याकाळी मेहुणी फळं घेऊन आली, तेव्हा मास्तरनं तिला जिन्यातच अडवलं.

"पुस्तक खराब निघालंय. बदलून आण."

"खराब म्हणजे? पानं सुटलीत?"

"वादळ नाहीये त्यात. खानावळवाला नाहीये. गाणं नाहीये. कुठलीतरी गाळीव आवृत्ती गळ्यात मारलीय तुझ्या."

मेहुणी हसायला लागली. "अहो भावोजी, पुस्तक आधीचं आहे. सिनेमा त्याच्यावरून काढला. खानावळवाला सिनेमावाल्यांनी घातला असेल."

"मग बरोबर केलं त्यांनी. आल्टरेशन केलं. पण मी आल्टरेशन केल्यावर जुनं माप गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवत नाही. हे पुस्तक अजून विकतात कशाला?"

"ताईला आवडत नाहीये का?"

"तिला वाटतंय मी पानं गाळतोय," मास्तर म्हणाला, आणि मेहुणी जिन्यात खाली बसून हसली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मधली तपासणी होती. बायकोला टॅक्सीच्या मागच्या सीटवर पालथी घालून नेलं, आणलं. डॉक्टर तिच्याशी मोघम बोलले. फुगा छान बसलाय, तोंड खालीच ठेवा, घाई करू नका. मग मास्तर थेंबांची चिठ्ठी घ्यायला पुन्हा आत गेला आणि जाता जाता विचारून बसला, "पहिल्या तारखेला कामावर जाईल ना ती? बस चालवते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पडद्याचा मधला भाग फार दिवस सुटलेला होता, ते म्हणाले. उजेड दिसेल, आकार दिसतील, पण त्या डोळ्यानं नीट अंतर कळणार नाही. बस विसरा. "पुढच्या तपासणीला मी त्यांना सविस्तर सांगणारच आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर त्यांना सोपं जाईल."

"मी सांगतो," मास्तर म्हणाला.

आणि घरी येऊन, तिला पालथी झोपवून, उशी नीट करून त्यानं विचारलं, "चहा घेतेस?"

सांगायचं होतं हो त्याला. खरंच सांगायचं होतं. पण चहा पिऊन झाला आणि ती म्हणाली, "थांब, आधी माझी फेरी होऊ दे." हा तिचा रोजचा उद्योग होता. पडल्या पडल्या ती डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत आपला रूट मनात चालवायची, म्हणजे हाताला गंज चढू नये. 'मनात' असं नुसतं म्हणायची, चालवायची तोंडानंच. "डावीकडे शाळा... हळू... सिग्नल... हा रिक्षावाला, मेल्या, बघ तरी..." आणि तिचा उजवा पाय चादरीखाली गादीवर ब्रेक दाबायचा. मास्तर तो पाय बघत बसला. फेरी संपल्यावर ती म्हणाली, "पहिल्या तारखेला सकाळची पाळी मागून घेते. वाच आता."

त्यानं पुस्तक उघडलं.

त्या दिवसापासून मास्तरनं पुस्तकाचं आल्टरेशन सुरू केलं. सकाळी दुकानात पँटचं माप घ्यायच्या स्टुलावर बसून तो पुढची पानं आधी वाचून काढायचा. कंटाळवाणी असली की चळत करून टाचणी मारायचा, टोक आत. वंशावळ टाचली. मिठाचे अकरा प्रकार टाचले. मग दुपारी घरी येऊन उरलेलं वाचायचा, आणि जिथं भोक पडेल तिथं सिनेमातलं ठिगळ लावायचा. वादळ त्यानं तिला पुन्हा "सापडलं" म्हणून वाचून दाखवलं, पाऊण तास! खानावळवाल्यालाही आणला. "मेलो, मेलो, मेलो," मास्तर फरशीवर बसून ओरडला, तेव्हा वर खाट हसण्यानं हलली.

"बघ, मी म्हणत होते ना, गाळत होतास तू," बायको म्हणाली. "आता कसं सुरेख चाललंय. पुस्तक ते पुस्तकच."

खरं वाचलं तेव्हा खोटा ठरला आणि खोटं वाचलं तेव्हा कौतुक. मास्तरला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना.

शनिवारी त्यानं दुकानात शेवट वाचला. सिनेमात मिठाची राणी सारथिणीची दहाही बोटं मिठाची करून टाकते. मग सगळ्यात म्हातारा घोडा पुढे येतो, तिची बोटं चाटतो, मीठ विरघळतं, आत जिवंत बोटं असतात, ती लगाम उचलते आणि थिएटरमध्ये शिट्ट्या पडतात. पुस्तकातही घोडा येतो. पुस्तकातही तो चाटतो. 'त्याला चव आवडली,' असं लिहिलं होतं. 'बोटं तशीच राहिली.' आणि मग सारथीण लगाम दुसऱ्या पोरीच्या हातात देते आणि वेशीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या रथांवर नजर ठेवते. अकरा पानं! शेवटची अकरा पानं नुसती वेशीवर बसलेली बाई!

"अरे, तुझं काय वाकडं केलं होतं तिनं?" मास्तर पुस्तकावर ओरडला. पँट लांब करायला आलेला माणूस दचकून दोन पावलं मागे सरला. मास्तरनं त्याची माफी मागितली, आणि तो गेल्यावर शेवटची सगळी प्रकरणं टाचून टाकली. जवळ होत्या नव्हत्या तेवढ्या टाचण्या संपल्या.

सोमवारी डेपोतून ड्यूटी लावणाऱ्या साहेबांचा फोन आला. बायकोचा फोन मास्तरकडेच असायचा. साहेब भले होते, पण घाईत होते. "मास्तर, डोळ्याचं प्रकरण आहे, नियम कडक आहेत. बस परत हातात येईल असं मला वाटत नाही. वेळापत्रकाच्या टेबलावर एक जागा निघालीय. मी त्यांच्यासाठी धरून ठेवलीय, पण शनिवार दुपारपर्यंतच. त्यांना विचारा. हो की नाही ते मला त्यांच्याकडून कळलं पाहिजे. नाहीतर यादीत पुढे तिघं आहेत."

"विचारतो," मास्तर म्हणाला.

नाही विचारलं. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. टेबलाचं विचारायचं तर आधी बसचं सांगायला हवं होतं. रोज दुपारी जिना चढताना तो वाक्य जुळवायचा आणि दार उघडलं की त्याच्या तोंडून भलतंच निघायचं. "चहा ठेवू?" बिचारीनं एरवी दोन कप प्यायचे, ती आता सहा-सहा पीत होती. पुस्तकाचा राग मात्र त्याला हक्कानं काढता येत होता. लेखक मूर्ख, छापणारा मूर्ख, आणून देणारी मेहुणी मूर्ख.

शुक्रवारी दुपारी तो शेवटाला पोचला. म्हणजे सिनेमाच्या शेवटाला. बोटं मिठाची झाली, तिथं तो थांबला, कारण खाली गल्लीतून गिऱ्हाइकाची हाक आली. इंटरव्ह्यूला निघालेल्या मुलाची झिप तुटली होती, मुलगा रडकुंडीला आला होता.

"जा, जा, त्याला मोकळा कर," बायको म्हणाली. "पुस्तक इथंच ठेव खाली. पण भर्रकन ये, घोडा यायचाय अजून."

मास्तर गेला. झिप बदलायला वीस मिनिटं लागली. परत येऊन त्यानं दार उघडलं तर खोलीत काहीतरी बिनसलं होतं. बायकोचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि अंगठ्यावर रक्ताचा टिपका होता. गोल उशीच्या कडेला टाचण्या ओळीनं खोचलेल्या होत्या.

"एकोणतीस," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "किती राहिलंय ते चाचपून बघत होते. चिमटीत धरलं तर टोचलं. एकतीस वर्षांत कुणाला टोचली नव्हती ना तुझी टाचणी?"

"अगं, ते... कंटाळवाणं होतं ते सगळं. घोड्यांचे आजे-पणजे. तुला त्रास नको म्हणून..."

"बस खाली. शेवटचा गठ्ठा घे. जसा छापलाय तसा वाच. एक अक्षर शिवू नकोस."

"आधी जरा चहा..."

"मास्तर!"

मास्तर बसला. त्यानं वाचलं. राणी, बोटं, घोडा. 'त्याला चव आवडली. बोटं तशीच राहिली.' तिथं त्यानं पुस्तक खाली ठेवलं.

"पुढे येतात का परत?" तिनं विचारलं.

"नाही. पुस्तकात नाही येत."

"आणि वादळ?"

"वादळ एक ओळच आहे. मी पहिल्यांदा वाचली होती ती."

"खानावळवाला?"

"नाहीये."

तिनं रक्ताळलेला अंगठा चादरीला पुसला. मग ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले?"

"आता डॉक्टर कुठून आले मध्येच? आपण पुस्तकाचं..."

"तू चहा विचारतोयस मला. त्या बुधवारपासून, दिवसाला सहा वेळा. मला वाटलं माझंच डोकं भरकटतंय, पडून पडून. पण ज्या माणसानं पुस्तकात एकोणतीस टाचण्या मारल्या, त्यानं अजून कुठं कुठं मारल्या असतील? सांग. कोट गेला ना?"

मास्तरनं फरशीकडे बघत सांगितलं. उजेड दिसेल, आकार दिसतील, अंतर नाही. बस नाही. वाक्य एवढंसंच होतं. नऊ दिवस तो हेच जुळवत होता आणि बोलायला घोटभर पाणी प्यायला लागतं तेवढाच वेळ लागला.

एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. पालथ्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत, सगळं सरळ खाली पडतं. मास्तरनं खिशातलं फडकं वर धरलं, तिनं ते घेतलं नाही.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "नऊ दिवस मी रोज इथं गाडी चालवत होते. मोठ्यानं. सिग्नल मोजत होते. आणि तू खाली बसून ऐकत होतास. तोंड उघडलं नाहीस."

"माझी जीभच उचलेना गं."

"वादळ पाऊण तास वाचायला बरी उचलली!"

मास्तरनं मान खाली घातली, आणि मग आठवून उरलेलंही ओकून टाकलं. साहेबांचा फोन, टेबल, शनिवार.

"आज काय वार?"

"शुक्रवार. उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. मी सांगणार होतो आज..."

"खोटं बोलू नकोस. फोन लाव. इथं फरशीवर ठेव, मोठा आवाज करून. आणि तू गप्प बस."

साहेबांनी उचलला. "बोला मास्तर, विचारलंत का?"

"साहेब, मीच बोलतेय," बायको फरशीला म्हणाली. "टेबलाची जागा मला पाहिजे. हो, डॉक्टरांचं कळलंय मला. आत्ताच कळलं. पहिल्या तारखेला येते. एक विचारायचं होतं, ते सकाळच्या पाळीचं वेळापत्रक कुणी लावलंय? शाळेच्या वळणाला चार मिनिटं दिलीत, तिथं सात लागतात. बावीस वर्षं ओरडतेय मी. ते आधी बदलणार." पलीकडे साहेब हसले, काहीतरी बोलले. ती "हो, हो" म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ तिचे खांदे गदगदत राहिले. मास्तर खाली बसून होता. लगाम सोडू नकोस, असं म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याला त्याची लाज वाटली.

"शेवट वाच," शेवटी ती म्हणाली. "ती अकरा पानं की काय ती."

"त्यात काही नाहीये गं. नुसती वेशीवर बसून असते."

"मी विचारलं का तुला काय आहे म्हणून?"

मास्तरनं वाचलं. सारथीण वेशीवर बसलेली. नवी पोर रथ घेऊन येते तर ही म्हणते, डावा घोडा लंगडतोय, तुला दिसत नाही का? दुसरा येतो, त्याला म्हणते, पहाटेचा निघालास आणि आत्ता येतोस, वाटेत झोपला होतास? तिसऱ्याचे लगाम ढिले, चौथ्याच्या चाकात वंगण नाही. पानामागून पान नुसती खरडपट्टी. दुकानात मास्तरला ह्याचाच वैताग आला होता. आता वाचताना त्याला वरून एक छोटा आवाज ऐकू आला, नाकातून फुसकन आलेला.

"हे टाचलं होतंस तू?"

"कंटाळवाणं होतं."

"तुला," ती म्हणाली. "तू कधी उशीर झालेल्या ड्रायव्हरला बघितलं नाहीस म्हणून. हे झालं की पहिल्या टाचणीपासून घे. वंशावळीसकट."

"सात पिढ्या आहेत!"

"तुला दुसरं काय काम आहे?"

मास्तरनं दात आवळले आणि पान उलटलं. शेवटून दुसऱ्या पानावर संध्याकाळ होते आणि सगळे रथ एकदम उतारावरून वेशीकडे येतात, भरधाव, एकमेकांना खेटून. मास्तरनं ते वाचायला घेतलं आणि त्याला खाटेच्या टोकाला हालचाल दिसली. तिचा उजवा पाय चादरीखाली गादीवर दाबला गेला होता. एकदा. दुसऱ्यांदा, जोरात. मग तो तिथंच थबकला, आणि तिनं तो हळूच पोटाशी ओढून घेतला.

मास्तरचं वाचणं थांबलं.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "वाच."